बाद झालेल्याने हात वर करावा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, कापडाचे जुने व्यापारी आणि आपल्या मराठी वाचनालयाचे सर्वांत कडक वाचक माननीय मोतीलालशेठ. व्यासपीठावरचे हायस्कूलचे मुख्याध्यापकसाहेब. मळ्याचं काम टाकून बहादरपूरहून आलेले निंबा पाटील. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं या गावच्या पोरांना चित्रकला शिकवणारे आदरणीय लीलाधर मास्तर. समोर बसलेल्या माता-भगिनी आणि बंधूंनो. आणि आत खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशीच उभे राहिलेल्या राजपुरा गल्लीच्या गड्यांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी दत्तात्रय. तहसील कचेरीत कारकून, आणि गेली नऊ वर्षं या वाचनालयाचा चिटणीस. माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही मास्तरांना दिव्याची उपमा दिली आणि चारही वेळा मास्तर अवघडून खुर्चीत मागे सरकले. अजून एक दिवा लावला तर ते खुर्चीसकट पडद्यामागे जातील. तेव्हा मी उपमा देत नाही. मी आपलं घडलेलं सांगतो.

मास्तरांचा चेहरा आज मोकळा दिसतो आहे, त्याला कारण आहे. सन छप्पनच्या नोव्हेंबरात आपलं राज्य बदललं. आपण आपल्या उंबऱ्यावरून हललो नाही, पण राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आमच्या कचेरीत दोन वर्षं फायली बांधायच्या आणि सोडायच्या, एवढंच काम होतं. त्या धांदलीत मास्तरांच्या जुन्या नोकरीचे कागद हरवले. सरकारच्या लेखी मास्तरांची पहिली अकरा वर्षं झालीच नाहीत. त्या अकरा वर्षांत ज्यांनी मास्तरांच्या हातची छडी खाल्ली, ते आज समोर बसले आहेत, पण सरकारला त्यांची साक्ष चालत नव्हती. खंडव्याच्या खेपा घालून मास्तरांच्या चपलांचे तीन जोड झिजले. गेल्या महिन्यात हुकूम आला की ती वर्षं सापडली. मास्तर आता पूर्ण नोकरी करून, ताठ मानेनं धूलकोटला आपल्या भावाकडे राहायला जात आहेत. आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, तो यासाठी.

मलाही आज एका गोष्टीतून सुटायचं आहे. ती पुढे येईलच. आधी अध्यक्षांची आज्ञा पाळतो. शेठजींनी मला बजावलं आहे, 'दत्तूभाऊ, भाषण कमी करा आणि त्या चित्रगोष्टीबद्दल बोला. ती आधी फसली का आणि मग चालली का, ते मला अजून समजलं न्हाई.'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सन सत्तावन्नच्या दसऱ्यापासून आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर दर शनिवारी संध्याकाळी एक मोठा कागद लागायचा. त्यावर आठ चौकटी, चौकटीत चित्रं आणि खाली चार-चार ओळी मजकूर. छापलेलं काही नाही, सगळं हातानं. जगात त्याची प्रत एकच. ज्याला वाचायची त्यानं भिंतीपर्यंत यायचं. शेजारी दोरीनं बांधलेली अभिप्रायाची वही आणि पेन्सिलीचा तुकडा. गोष्टीचं नाव 'राजपुऱ्याचे सात गडी'. सात उनाड पोरं, शाळेला दांडी मारणारी, मारामाऱ्या करणारी, आणि त्यांचा हुतूतूचा संघ. चित्रं मास्तरांची. मजकुराखाली नाव असायचं, 'एक खेळाडू'.

हा खेळाडू कोण, यावर गावात पुष्कळ तर्क झाले. कोणी म्हणालं मिलमधला जुना कप्तान असेल, कोणी म्हणालं अमरावतीहून कोणी पाठवतं. सभ्य गृहस्थहो, तो खेळाडू मी होतो.

हसा, हसा. शेठजी, तुम्हीही हसा. ज्या माणसाला जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, त्यानं हुतूतूची गोष्ट लिहिली. हे एक वाक्य उच्चारायला मला सव्वादोन वर्षं लागली, तेव्हा तुमच्या हसण्याचं मला वाईट वाटत नाही. मी सरकारी नोकर. नव्या राज्यात कोणत्या कारकुनाला कुठे टाकणार त्याच्या याद्या तेव्हा निघत होत्या. कोणी रीवा म्हणे, कोणी बस्तर म्हणे. परवानगीशिवाय लिहिणाऱ्याचं नाव यादीत वर जातं, अशी अफवा होती. म्हणून मी नाव लपवलं. हे कारण नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर गोष्ट फसली का? पहिले सहा शनिवार माझा संघ जिंकत होता. दर शनिवारी. पहिल्या आठवड्यात सातही पोरं उनाड, दुसऱ्या आठवड्यात एका गुरुजींचा उपदेश ऐकून सातही सुधारली, आणि तिसऱ्यापासून नुसता गुलाल. विरुद्ध संघाला मी मिशा दिल्या होत्या, लाल डोळे दिले होते. मला वाटलं, लोक खूश होतील. शेठजींनी वहीत लिहिलं, 'पुन्हा जिंकले. मग पुढच्या शनिवारी मी येऊ कशाला?' माझ्या घरी तर वही लागतच नाही. आमच्या सौभाग्यवती कोकिळाबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी पोळी वाढता वाढता विचारलं होतं, 'तुमच्या पोरांना तहान लागत नाही का हो कधी?'

आणि मास्तर. मास्तर कधी तक्रार करत नाहीत. सातव्या आठवड्यात कागद घेऊन आले, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, 'दत्तूभाऊ, जिंकलेला चेहरा एकच असतो. काढून काढून हात कंटाळला. मला हरलेले चेहरे द्या, ते सगळे वेगळे असतात.'

त्याच आठवड्यात वहीत एक अभिप्राय आला. अक्षर कोंबडीच्या पायाचं. 'हे पोरं आमच्या गल्लीचे न्हाईत. आमचे असते तर एवढ्या जल्दी पाया पडले नसते.' खाली सही, उखर्डू.

उखर्डू तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होता. हायस्कूलच्या हुतूतू संघाचा कप्तान, आणि मुख्याध्यापकसाहेब माफ करोत, हायस्कूलची सर्वांत मोठी डोकेदुखी. दोन खिडक्या, एक घंटा आणि एका इन्स्पेक्टरसाहेबांची टोपी एवढं त्याच्या नावावर जमा होतं. त्याची आई धुरपदाबाई. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. हा चौथा. आपल्याकडे अशा वेळी करतात तसं तिनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं, आणि मृत्यूची नजर चुकवायला नाव ठेवलं उखर्डू. काल मी त्याला गाठून विचारलं की सभेत तुझं नाव घेऊ का. तो म्हणाला, 'घ्या ना, भाऊ. आईनं लई कष्टानं ठेवलंय ते.'

मास्तरांनी या पोराला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. याला दोन कारणं. एक म्हणजे गोष्टीला जाणकार हवा होता. दुसरं, मास्तरांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. समोर पाहिल्याशिवाय ते रेघ ओढत नाहीत. मनातून घोडा काढा म्हटलं तर टांग्यापाशी जाऊन उभे राहतील. सगळं गाव म्हणतं की मास्तरांनी काढलंय म्हणजे मास्तरांनी पाहिलंय. हेही वाक्य लक्षात ठेवा.

तेव्हापासून उखर्डू बसायचा, मास्तर काढायचे आणि मी लिहायचो. उखर्डूनं मला जे शिकवलं ते मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. मी एकदा कप्तानाला चार गड्यांच्या डोक्यावरून उडी मारायला लावली होती. उखर्डूनं ती मैदानावर करून पाहिली आणि सोललेलं कोपर माझ्या नाकापुढे धरलं. ती उडी मी खोडली. वाचणाऱ्याचं अंग दुखलं पाहिजे, हे मला त्या कोपरानं सांगितलं. विरुद्ध कप्तानाच्या मिशा काढल्या. त्याला ठिगळ लावलेली चड्डी दिली आणि मैदानाकडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिलेला बाप दिला. त्या शनिवारी लोक भिंतीपुढे उभे राहून आपसात भांडू लागले की कोणी जिंकावं. माझी गोष्ट त्या दिवशी उभी राहिली.

मग आम्हाला चेव चढला. कप्तान चढाईला जातो, तोंडात हुतूतू, आणि तो एक श्वास आम्ही तीन शनिवार चालवला. एक चौकट पायाची, एक धुळीची, एक कपाळावरच्या घामाची, एक गर्दीतल्या आईची. लोक श्वास रोखून होते. मग आम्ही लोभानं चौथा शनिवारही त्याच श्वासावर काढला, आणि शेठजींनी लिहिलं, 'एक महिना झाला, तो पोरगा सास रोकून उभा आहे. त्याले सोडा आता, मलेच दम लागतो.' खेळाची गोष्ट ताणावी, पण वाचणाऱ्याच्या छातीत जेवढी हवा आहे तेवढीच. शेठजी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलं होतं.

राहिलं उनाडांचं. उनाड पोराला एका रात्रीत शहाणा केला की गोष्ट मेली, आणि त्याला नुसताच मारत फिरवला तरी मेली. मग काय करावं? मी उखर्डूला विचारलं, तुम्ही मारामारी करता त्याला काही नियम असतो का? तो म्हणाला, 'पडलेल्याले मारत न्हाई आम्ही. उठू देतो, मग मारतो.' मी हसलो, पण घरी जाऊन लिहून ठेवलं. उनाड काय काय करतो यात फारसा दम नसतो. मारून टाकलं तरी तो कोणती गोष्ट करणार नाही, तिथे त्याची गोष्ट असते.

आणि राजपुऱ्याच्या मैदानाचा एक रिवाज त्यानं सांगितला. तिथे पंच नसतो. ज्याला हात लागला त्यानं स्वतः हात वर करायचा, 'बाद' म्हणायचं आणि कडेला जाऊन बसायचं. कोणी पाहिलेलं नसलं तरीही. मग आपल्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की कडेला बसलेला एक गडी जिवंत होऊन उठतो. मी त्यावर एक भाग लिहिला. अंतिम सामना, कप्तानाच्या पाठीला नखभर स्पर्श, मोठ्या सामन्याला असतो त्या पंचानंही पाहिलेला नाही, कोणीच पाहिलेला नाही, आणि कप्तान हात वर करतो. संघ हरतो. मास्तरांनी तो वर गेलेला हात अख्ख्या दोन चौकटींत काढला. त्या आठवड्यात अभिप्रायाच्या वहीची सहा पानं भरली. एका बाईंनी लिहिलं, 'हा लेखक मोठ्या मनाचा असला पाहिजे.' मी ते पान घरी नेऊन दाखवलं होतं.

आता जानेवारी अठ्ठावन्नच्या त्या आठवड्याकडे येतो. इथून पुढे मी हळू बोलेन, कारण हे मी कधी बोललेलो नाही.

मला गोष्टीत पेच हवा होता. सात गड्यांतला एक उपाशी आहे आणि कप्तान त्याच्यासाठी केळीचा घड चोरतो, असा भाग मी लिहिला. बुधवारी दुपारी मास्तरांनी मंडीतून एक घड विकत आणला, उखर्डूच्या खांद्यावर दिला, आणि शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत त्याला तासभर उभा केला. मीही तिथे होतो. काम झाल्यावर मास्तर म्हणाले, घड घरी घेऊन जा, आईला दे. मी त्याला शपथ घातली. शनिवारी कागद लागेपर्यंत यातलं अक्षर कोणाला सांगायचं नाही, नाहीतर गोष्टीची मजा जाईल. त्यानं माझ्या हातावर हात मारला. मग तो घड खांद्यावर टाकून भर दुपारी, शीळ घालत, राजपुऱ्याच्या दरवाजातून घरी गेला. अर्ध्या गल्लीनं पाहिलं.

गुरुवारी मास्तर आपल्या अकरा वर्षांच्या कागदांसाठी खंडव्याला गेले. त्याच सकाळी बहादरपूरला निंबा पाटलांच्या मळ्यातून दोन घड कापून नेलेले दिसले. शुक्रवारी कोणीतरी पाटलांना सांगितलं की राजपुऱ्याच्या एका पोराच्या खांद्यावर घड होता. पाटील हायस्कूलात आले. यात पाटलांची काही चूक नाही, कोणीही आलं असतं. मुख्याध्यापकसाहेबांनी उखर्डूला विचारलं, घड कुठून आणलास? तो म्हणाला, 'चोरला न्हाई. कुठून आणला ते सांगणार न्हाई.' साहेबांनी तीनदा विचारलं, त्यानं तीनदा तेच सांगितलं. सोमवारी मॅट्रिकचे फॉर्म जाणार होते. साहेब म्हणाले, सोमवारी बारापर्यंत सांग, नाहीतर तुझं नाव पटावरून काढतो. म्हणजे परीक्षा गेली, खंडव्याला होणारे शाळांचे हुतूतूचे सामने गेले, आणि चोर हा शिक्का लागला तो वेगळाच.

शनिवारी सकाळी धुरपदाबाई शाळेत आल्या. त्या साहेबांपुढे रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'मी त्याले एक बार टाकला होता, जगावा म्हणून. तुम्ही कायले टाकता?' साहेबांनी हे मला नंतर सांगितलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कचेरीत गठ्ठे बांधत होतो. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात येऊन मी नेहमीप्रमाणे कागद लावला. आठवी चौकट मोठी होती. कप्तान, म्हणजे हुबेहूब उखर्डू, खांद्यावर सुक्या पानांत गुंडाळलेला घड, नुसतं दांड्याचं टोक बाहेर दिसतं आहे. मी शेवटचा खिळा ठोकत होतो तेवढ्यात निंबा पाटील आत आले. ते चित्रापुढे उभे राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, 'आता बोला. मास्तर पाहिल्याबिगर काढत न्हाईत.'

आपले गेलेले दोन घड, उखर्डूचं न सांगणं आणि सोमवारची मुदत, सगळं त्यांनी खोलीला ऐकवलं. मला तेव्हा सारा प्रकार कळला. ज्या चित्रात मी त्याला चोर केला होता, तेच चित्र त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं. पाटलांनी मला विचारलं, 'चिटणीस साहेब, हे लिहितं कोण? त्याले तरी माहीत असंल.'

कोपऱ्यात आमचे नायब तहसीलदार वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली. माझ्या हातात हातोडी होती. मी म्हणालो, 'मजकूर वाचनालयाच्या पेटीत येतो. कोण लिहितं, मला ठाऊक नाही.'

उखर्डू दाराशी उभा होता. आज उभा आहे तिथेच. त्यानं ते ऐकलं. शनिवार झाला होता, कागद लागला होता, माझी शपथ संपली होती. तो एका वाक्यात मला उघडा पाडू शकला असता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

तुम्ही म्हणाल, लेखक मी आहे हे न सांगताही बुधवारचं खरं सांगता आलं असतं. आलं असतं. पण पुढे कोणी विचारलंच असतं की तुम्ही तिथे कसे होता. भ्यालेला माणूस पहिला धागाच ओढू देत नाही. रविवारभर मी घरात बसून होतो. खंडव्याला तार करता आली असती, ती केली नाही. मुख्याध्यापकसाहेबांचं घर दोन गल्ल्या सोडून, तिथेही गेलो नाही. कोकिळाबाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, 'कागदावरच्या पोराकडून हात वर करून घेतलात. तुमचा हात कुठे आहे?' मी जेवलो नाही. पण उठलोही नाही. हेच सांगायचं होतं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मास्तर उतरले. टांगेवाल्यानं वाटेतच सगळं सांगितलं. मास्तर घरी गेले नाहीत. पिशवी खांद्याला, तोंड धुतलेलं नाही, तसेच शाळेत गेले. चित्रकलेच्या कपाटातून बुधवारी काढलेली अकरा कच्ची चित्रं बाहेर काढली आणि साहेबांच्या टेबलावर ओळीनं मांडली. अकराही चित्रांत उखर्डू शाळेच्या खिडकीशी उभा, मागे शाळेची घंटा, खाली मास्तरांच्या हातची बुधवारची तारीख. आणि घड उघडा. पानं गुंडाळण्याआधीचा.

पाटलांना बोलावणं गेलं. मास्तर त्यांना एवढंच म्हणाले, 'पाटील, मी पाहिल्याशिवाय काढत नाही. तुम्हीच बघा मी काय पाहिलं.' पाटील चित्रांवर वाकले. केळीच्या माणसाची नजर ती. मास्तरांनी प्रत्येक फणी, प्रत्येक केळ, दांड्याचा बाकदेखील जसाच्या तसा उतरवला होता. पाटलांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, 'हा घड माझा न्हाई. माझ्या मळ्यात सगळी बसराई, वाकड्या केळ्याची. ही लांब दांडीची, सरळ केळ्याची जात माझ्याकडं न्हाईच.' पावणेबाराला फॉर्मवर उखर्डूचं नाव चढलं.

पाटील, पुढचं तुम्ही मला सांगू नका म्हणाला होतात, पण मी सांगणार. दुसऱ्या दिवशी पाटलांनी आपल्या मळ्यातला सर्वांत मोठा घड स्वतःच्या खांद्यावर घेतला. गाडी होती, गडीमाणसं होती, पण घड स्वतःच्याच खांद्यावर. आणि भर दुपारी राजपुऱ्याच्या त्याच दरवाजातून, त्याच गल्लीतून चालत जाऊन धुरपदाबाईंच्या ओट्यावर ठेवला. त्यांचे ते दोन घड कोणी नेले हे आजवर कळलेलं नाही. पाटलांनी पुन्हा कधी विचारलंही नाही.

उखर्डूचं पुढे काय झालं? खंडव्याचे सामने नव्या नियमांनी झाले. तोंडानं कबड्डी म्हणायचं असा हुकूम होता, आमच्या पोरांच्या तोंडून हुतूतूच निघायचं, आणि त्या गोंधळात पोरं दोन गुणांनी हरून आली. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला झाला. आता मिलमध्ये आहे, मिलच्या संघाचा कप्तान आहे. सुधारला का म्हणाल, तर गेल्याच महिन्यात मिलची एक काच फुटली.

आणि मास्तर. त्या सोमवारी मास्तरांना सगळं समजलं होतं. मी खोटं बोललो हेही समजलं असणार. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, 'पुढचा भाग लवकर द्या, शनिवार जवळ आला.' बस, एवढंच. माझं नाव त्यांनी ना साहेबांना सांगितलं, ना पाटलांना. गोष्ट पुढे सहा महिने चालली, लोकांनी वाहवा केली, आणि दर शनिवारी खिळे ठोकताना मला ती हातोडी जड व्हायची. लोक विचारतात, तुमची गोष्ट का चालली? ती चालली, कारण जो ती जगत होता तो खरा होता. जो लिहीत होता त्याच्याबद्दल मात्र वहीतल्या त्या बाईंचा फार गैरसमज झाला होता.

पुढच्या महिन्यात तापीच्या खालच्या अंगाला महाराष्ट्र होतो आहे. आपण इकडे भोपाळच्याच राज्यात राहिलो. आता याद्या संपल्या, माझं नाव कुठेच लागलं नाही. रीवाही नाही आणि बस्तरही नाही. ज्या भीतीनं मी त्या पोराला दोन दिवस जळू दिलं, ती भीती खरी नव्हतीच. आमचे नायब तहसीलदारही आज इथे आहेत. साहेब, तो लेखक मी होतो. उद्या काय कारवाई करायची ती करा, मला आज रात्री झोप लागेल.

सभ्य गृहस्थहो, त्या शनिवारी मला हात लागला होता. कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते एकट्या उखर्डूनं, आणि तो बोलला नाही. रिवाज तुम्हाला सांगितलाच आहे. हा बघा, मी हात वर करतो. बाद.

टाळ्या नकोत. खरंच नकोत. काय म्हणतोस, उखर्डू? मोठ्यानं बोल, माइक तिकडे पोचत नाही. ... थांबा, सगळ्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. तो म्हणतो, 'भाऊ, सोमवारी मास्तरांनी समोरचा गडी बाद केला होता. तेव्हाच आपला एक उठायचा होता. तुम्हीच बसून राहिले.'

मंडळी, हात खाली घेतो. आता उठतो.

मास्तर, धूलकोटला जाताना ती अकरा चित्रं बरोबर नेऊ नका. वाचनालयाला द्या. त्या भिंतीवर आता तीच राहतील, आणि खाली लेखकाचं नाव मी स्वतःच्या हातानं लिहीन. अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, पाटलांनी मोठं मन दाखवलं, आणि धुरपदाबाई आज पहिल्या रांगेत येऊन बसल्या, या सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात मानपान राहिला असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर तो पोटात घाला. आणि मोठी चूक होती तिची क्षमा ज्यानं करायची त्यानं दाराशी उभं राहून केली आहे. आता मात्र, उखर्डू, आत ये आणि मास्तरांना हार तू घाल.